आत्याबाईंना सोलापूर दाखवलं

माझ्या शाळेच्या दाखल्यावर, रेशनकार्डावर, लग्नाच्या कागदावर, सगळीकडे खाली ‘जिल्हा सोलापूर’ असं लिहिलेलं आहे. पण खरं सोलापूर मी वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत बघितलं नव्हतं. माहेर वेळापूरचं, बारावी पंढरपुरात, आणि लग्न होऊन आले ती सांगोल्याच्या बाजूला, मेंढरंवाल्यांच्या घरात. आमच्याकडच्या माणसाला सोलापूरला जायची वेळ येते ती कोर्टासाठी, नाहीतर मोठ्या दवाखान्यासाठी. देवाच्या दयेनं दोन्ही चुकलं होतं. त्यामुळे मोठ्या शहराची माझी भीती होती तशी शाबूत होती.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मेंढरांमागं अर्धा मुलूख पायाखाली घातलेला. कुठल्या ओढ्याला कितव्या महिन्यापर्यंत पाणी असतं हे त्या अजून झोपेत सांगतील. पण सोलापूर त्यांनीही बघितलेलं नव्हतं. कळप घेऊन शहरात कोण शिरू देतंय? लांबून वळसा घालून जायचं. ‘तळ्यातलं देऊळ एकदा बघायचं हाय’ हे मात्र त्या वर्षातून चार वेळा तरी म्हणायच्या, आणि मी चारही वेळा ऐकून सोडून द्यायचे.

आता जायचं का ठरलं ते सांगते. सांगायची लाज वाटते, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे पुण्याला कंपनीत, महिन्यातून दोनदा घरी येणार. घरी मी, आठवीतली मुलगी आणि आत्याबाई. माझ्या तोंडाला पहिल्यापासून लगाम नाही, आणि आत्याबाई तर माझ्या वरचढ. सकाळी चहाला एक भांडण, संध्याकाळी शेळ्या बांधताना दुसरं. मी एक बोलले की त्या दोन बोलायच्या, आणि तेही असं खोचून की शेजारच्या बायका खुराड्यामागं उभ्या राहून ऐकायच्या. त्या दिवशी त्यांनी आई मेलेलं एक कोकरू चुलीजवळ आणून बसवलं होतं. मी पाणी आणायला बाहेर गेले तेवढ्यात त्यानं भिजवलेल्या कणकेत तोंड घातलं. माझं टाळकं सटकलं. अंगणात उभी राहून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, “एक दिवस सोलापूरला नेऊन सोडून येते तुम्हाला. मग बसा आल्यागेल्याची तोंडं बघत.”

गल्ली हसली. आत्याबाई काही बोलल्या नाहीत. कोकरू काखेत घेतलं आणि गोठ्यात गेल्या. मला वाटलं, जिंकले.

रात्री मात्र ते वाक्य मलाच डसायला लागलं. शहात्तर वर्षांच्या बाईला असं बोलतात का? पंधरा दिवस मी आतल्या आत कुढले आणि मग ठरवलं की यांना एकदा सोलापूर दाखवून आणायचं. देऊळ, तळं, किल्ला, सगळं. म्हणजे झाल्या गोष्टीची भरपाई होईल. माझ्या डोक्यात एवढंच होतं. शहाणी असते तर पंढरपूरला नेलं असतं, गोंदवल्याला नेलं असतं. पण भरपाई करायला मी नेमकं तेच गाव निवडलं ज्याच्या नावानं धमकी दिली होती.

निघायच्या दिवशी मुलीला जावेकडे ठेवलं. आत्याबाईंना नवं हिरवं इरकली लुगडं नेसवलं, पहाटे उठून शिरा केला. शेजारीण दारात उभी होती. तिनं हसत विचारलं, की काय गं, येताना एकटीच येणार व्हय? मीही हसले. आत्याबाईंनी शेळ्यांकडं एकदा बघितलं आणि चालायला लागल्या.

मी फोनवर सगळं बघून ठेवलं होतं. एका दिवसात सोलापूर: आधी तळ्यातलं देऊळ, मग शेजारचा भुईकोट किल्ला, मग बाजारात चादरी आणि शेंगाची चटणी, जमलं तर कंबर तलाव, आणि संध्याकाळी सहाची एसटी. मिनिटाचा हिशोब लावला होता. पण बसमध्ये बसल्यावर शहराची भीती परत वर आली. शहरात बायकांच्या गळ्यातलं ओढतात, पर्स कापतात, म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून रिक्षात घालतात, हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की खिडकीतून सोलापूरची पहिली गिरणीची चिमणी दिसली तशी मी पर्स छातीशी आवळून धरली.

म्हणून मी काय केलं, तर सगळं माझ्या ताब्यात घेतलं. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, त्यासाठी आत्याबाईंचं आधारकार्ड कंडक्टरला दाखवलं, ते माझ्या पर्समध्ये गेलं. त्यांचा बटणांचा छोटा फोन कुठंतरी पडेल म्हणून तो पर्समध्ये. स्टँड यायच्या आधी त्यांच्या गळ्यातली बोरमाळ आणि कानातली फुलं काढून घेतली, रुमालात बांधली, तीही पर्समध्ये. त्यांनी मान पुढं करून काढू दिली. एरवी त्या माळेला हात लावला असता तर बसमध्ये रण माजलं असतं. मला वाटलं, गाडी लागली असेल, म्हणून गप्प आहेत.

स्टँडवर उतरलो. कोण कुठं ओढतंय, कोण हॉर्न वाजवतंय, एक रिक्षावाला दखनी हिंदीत विचारतोय, दुसरा कानडीत. मी आत्याबाईंचा दंड इतका घट्ट धरला की त्यावर माझी बोटं उमटली. कुणाशी बोलायचं नाही, कुणी काही दिलं तर खायचं नाही, असं मी त्यांना चार वेळा बजावलं. त्या मान हलवत होत्या.

देऊळ मात्र मनासारखं दिसलं. चारी बाजूंनी पाणी, मधून जायला वाट, पलीकडं किल्ल्याचे बुरूज. आत्याबाई वाटेवरच थांबल्या आणि किती तरी वेळ पाण्याकडं बघत राहिल्या. मी त्यांचा फोटो काढला. दर्शन झालं, भाकरी खाल्ली, साडेबारा वाजले. आणि तिथून पुढं माझ्या हावरटपणानं घात केला.

त्यांचा गुडघा धरला होता. त्या म्हणाल्या, जरा बसते. मी घड्याळ बघितलं. ह्या बसणार अर्धा तास, मग किल्ला, मग बाजार, मग सहाची गाडी चुकणार. एवढं भाडं खर्चून आलो, एक दिवस मिळालाय, तो असा बसून घालवायचा? मी हिशोब केला की ह्यांना इथं सावलीत बसवायचं, मी पटकन रिक्षानं बाजारात जाऊन चादरी घेऊन यायचं, मग दोघींनी मिळून किल्ला बघायचा. दिवस एकच, पण त्यात दोन दिवसांचं बघून होईल. मी त्यांना चपलांच्या स्टँडशेजारच्या कट्ट्यावर बसवलं. “इथंच बसा. काही झालं तरी हलू नका. मी आलेच,” म्हणाले आणि धावत सुटले. रिक्षा समोरच उभी होती, ती जाईल या घाईत मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

बाजारात दुकानदारानं चादरींचा डोंगर केला. ही घे, ती घे, ही फुलांची, ही मोरांची. चार घेतल्या. मग शेजारी चटणीचं दुकान दिसलं, तिथं रांग. परत येताना रिक्षा मिळेना, मिळाली ती गर्दीत अडकली. अर्ध्या तासाचा सव्वा तास झाला. मी चादरींचं गाठोडं खांद्यावर घेऊन कट्ट्यापाशी पोचले तेव्हा कट्टा रिकामा होता.

पहिल्यांदा मी घाबरले नाही, चिडले. हलू नका म्हटलं तर हलल्याच. पाणी प्यायला गेल्या असतील. मी नळापाशी गेले, नव्हत्या. बायकांच्या मोरीपाशी गेले, हाका मारल्या. देवळात परत गेले, गाभाऱ्याच्या रांगेत हिरवी लुगडी शोधली. एक दिसलं. धावत जाऊन खांदा धरला. दुसरीच बाई होती, ती माझ्यावर खेकसली. मग चिडणं कुठं गेलं ते कळलंही नाही.

मी चपलांच्या स्टँडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, बसली होती खरी एक आजी, मग उठून गेली. कधी? तुम्ही गेला आणि थोड्याच वेळात. कुठं? ते त्यानं बघितलं नव्हतं. थोड्याच वेळात, म्हणजे तासभर झाला होता. तासाभरात माणूस कुठल्या कुठं जातं. हात आपोआप फोनकडं गेला. त्यांचा नंबर लावला, तर माझ्याच पर्समध्ये रिंग वाजली.

तळ्याच्या पायऱ्यांवर एका ठिकाणी माणसं गोळा झालेली दिसली. सगळी पाण्यात वाकून बघत होती. त्या वीस-पंचवीस पायऱ्या मी कशा उतरले ते मला आठवत नाही. गाठोडं कुठं टाकलं तेही आठवत नाही. एवढंच आठवतंय की मी मनात तळ्यातल्या सिद्धरामेश्वराला म्हणत होते, की मला ने, माझी पोर ने, पण हे नको. गर्दीत घुसले. पोरंसोरं माशांना चुरमुरे टाकत होती. मोठे मासे तोंडं वर काढून आ करत होते. मी तिथंच खाली बसले. एक बाई मला पाणी देऊ लागली. बाहेरचं कुणी दिलं तर घ्यायचं नाही, हे मी सकाळपासून सांगत होते. मी ते घटाघट प्याले.

मग यांचा पुण्याहून फोन आला. नेहमी दुपारच्या सुट्टीत करतात. मी उचलला नाही. काय सांगणार होते? तुमच्या आईला सोलापूरला नेलं आणि ती सापडत नाही? अंगणात मी जे बोलले ते यांच्या कानावर गेलेलं होतं. त्या दिवशी हे हसले होते. आता हसतील? गाव काय म्हणेल हे मला आत्ताच ऐकू येत होतं: बोलली आणि करून दाखवलं. सुंठीवाचून खोकला गेला. आणि मला हेही माहीत होतं की गाव असं म्हणालं तर मी तोंड उघडू शकणार नाही, कारण ते वाक्य माझंच होतं. पण खरं सांगते, त्या वेळी गावाचं भय दुसरं होतं. पहिलं भय हे, की ती बाई कुठंतरी रस्त्यात उभी असेल, अंगावर खूण नाही, जवळ फोन नाही, कुणाला काय सांगेल.

देवळाच्या माणसांनी लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं. आत्याबाईंचं नाव, गाव, हिरवं लुगडं, सगळं. दोनदा, तीनदा, पाचदा. प्रत्येक वेळी मी चारी बाजूंना बघायची. कुणी आलं नाही. तिथल्या एका कारकुनानं मला पोलिसांच्या चौकीवर नेलं.

चौकीत एक पोलीसबाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी खुर्ची दिली, शांतपणे वहीत लिहायला घेतलं. आजींकडे फोन आहे का? मी म्हणाले, माझ्याकडं आहे. ओळखपत्र? माझ्याकडं आहे. अंगावर काही दागिना?   मी पर्स उघडली आणि रुमाल सोडून टेबलावर ठेवला. बोरमाळ, कानातली फुलं, आधारकार्ड, बटणांचा फोन. सगळं ओळीनं टेबलावर पडलं होतं. बाईंनी पेन खाली ठेवला. त्यांनी ते सामान बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. चोर येतील म्हणून काढून घेतलं, असं मी म्हणाले, पण माझा मलाच तो आवाज खोटा वाटला. अंगावरचं सगळं काढून घेऊन म्हातारीला गर्दीच्या देवळात बसवायचं आणि रिक्षात बसून निघून जायचं. मी त्यांच्या जागी असते तर माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

घरी काही वाद झाला होता का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले.  खोटं बोलले ते भीतीनं, आणि बोलल्यावर भीती दुप्पट झाली. आता आत्याबाई सापडल्या नाहीत तर पहिलं हेच खोटं उघडं पडणार होतं.

पोलीसबाई उठल्या. सकाळचा फोटो माझ्या फोनवर होता, तो घेऊन आम्ही बाहेरची दुकानं एकेक करत निघालो. हार, नारळ, खेळणी, भेळ. प्रत्येकाला फोटो दाखवायचा, त्यानं मान हलवायची. अकराव्या की बाराव्या दुकानी एका नारळवाल्यानं फोटो हातात घेतला आणि अंगठ्यानं मागच्या बाजूला खूण केली. बेलवालीकडं बघा, म्हणाला.

दुकानांच्या मागं, निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली, एक बाई बेलाचा ढीग घेऊन बसली होती. तिच्यासमोर आत्याबाई. नव्या लुगड्याचा ओचा खोचलेला, मांडीवर सूप, आणि त्या बेलाची पानं निवडत होत्या. किडकी एका बाजूला, धड तीन पानांची दुसऱ्या बाजूला. हात असा झरझर चालला होता जसं दहा वर्षं तिथंच बसतात.

मला बघून त्यांचा हात थांबला. त्या उठल्या नाहीत.

बेलवाली विणकर साळ्यांच्या घरातली असावी, घरची बोली तेलुगू, मराठी अडखळत. तिनं पोलीसबाईंना सांगितलं की ही आजी आपणहून आली, काम दे म्हणाली. पैसे नको, रात्री पाठ टेकायला जागा दे, म्हणाली. तिनं आजीला चहा पाजला होता. माझ्याकडं बोट करून तिनं विचारलं, ही कोण?

तोच प्रश्न पोलीसबाईंनी आत्याबाईंना विचारला. आजी, ह्या तुमच्या कोण? आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. सुपातल्या पानांकडं बघत म्हणाल्या, “मला कुणी सोडलं न्हाय, बाई. मी माज्या पायानं आली. हिला काय बोलू नगा.”

सोडलं का, असं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पोलीसबाईंनी वही उघडली. मग त्यांनी माझा नंबर लिहून घेतला, घरचा पत्ता, यांचा नंबर. दोन दिवसांनी मी फोन करणार, म्हणाल्या, आणि आजींशीच बोलणार. रास्त होतं. मी हो म्हणाले.

आम्ही दोघी परत त्याच कट्ट्यावर येऊन बसलो. मला रडू कोसळलं. लाज सोडून, लोकांसमोर, हुंदके देऊन मी रडले. आणि रडता रडता भांडायलाही लागले, दुसरं काही येतच नाही मला. हलू नका म्हटलं होतं ना, का उठलात, माझा जीव गेला असता. त्या ऐकून घेत होत्या. मी पर्समधून बोरमाळ काढून त्यांच्या गळ्यात घालायला गेले, तर त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला. ऱ्हाऊ दे तुज्याकडंच, म्हणाल्या.

तेव्हा मला कळायला सुरुवात झाली. मी विचारलं, तुम्हाला खरंच वाटलं की मी सोडून गेले?

आत्याबाई पाण्याकडं बघत बोलल्या. रागानं नाही. एखाद्याला जुनी वाट समजावून सांगावी तसं.

“आमी कळप घेऊन निगालो की एकादी म्हातारी मेंढी चालंनाशी व्हती. तिच्यापायी सगळा कळप खोळंबतो. मग तिला वाटंवरच्या कुनाच्या तरी वस्तीवर ठिवायचं. आदी चांगलं खायला घालायचं, पानी पाजायचं, गळ्यातली घंटी काडून घ्यायची, आन् निगायचं. मागं बगायचं न्हाय. बगितलं की ती वरडती, मग आपला पाय निगत न्हाय.” त्या माझ्याकडं वळल्या. “तू मागं बगितलं न्हाईस.”

 पहाटेचा शिरा, नवं लुगडं, बसमध्ये काढून घेतलेली माळ, रिक्षा. मी प्रेमानं आणि भीतीनं जे जे केलं होतं ते सगळं जसंच्या तसं मेंढी सोडायच्या रीतीत बसत होतं. त्यांना शंका घ्यायचं कारणच उरलं नव्हतं. म्हणून त्या थांबल्या नाहीत. मेंढरंवाल्यांच्यात दिवस कलायच्या आत मुक्कामाची जागा बघायची असते, रात्र पडल्यावर कुणी उभं करत नाही. मी रिक्षात बसल्यावर पाव तासात त्या उठल्या आणि मुक्काम शोधायला लागल्या.

मी विचारलं, नाव पुकारत होते ते ऐकलं नाही का?

“ऐकलं की. पाच डाव पुकारलं.”

“मग आला का नाही?”

“गेले असते तर इचारलं असतं, कुनी आनून सोडलं. तुज्यावर केस झाली असती. मग पोरीकडं कुनी बगायचं?”

हे त्या अशा साध्या आवाजात म्हणाल्या, जसं शेळीला चारा टाकलाय का विचारावं. मला पाचही वेळचा तो लाउडस्पीकर आठवला. मी इकडं देवाचा धावा करत होते, आणि त्या तिकडं छपराखाली, स्वतःचं नाव ऐकत, मान खाली घालून बेल निवडत होत्या. माझ्यावर किटाळ येऊ नये म्हणून.

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मुलीची शपथ घेतली, देवाची घेतली, तळ्याकडं हात करून घेतली. ते रागाच्या भरात बोलले होते, माझ्या जिभेला हाड नाही, मला जन्मात असं करणं जमायचं नाही. आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि व्हय, व्हय म्हणत होत्या. ताप आलेल्या लेकराला म्हणतात तसं. त्यांना पटलं की नाही हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, की किल्ला बघायचा राहिलाय नव्हं, चल, एवढं भाडं घालून आलोय. मला खरं तर तिथून पळून जायचं होतं. पण नाही म्हणायची हिंमत झाली नाही. आम्ही किल्ला बघितला. बुरूज बघितले, बागेत शेंगा खाल्ल्या. गाठोडं एका पोऱ्यानं पायऱ्यांवरून उचलून देवळाच्या ऑफिसात जमा केलं होतं, तेही मिळालं. मी त्यांच्या दोन पावलं पुढं गेले की पटकन मागं वळून बघायची. त्या माझ्या पदराचं टोक मुठीत धरून चालत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं असेल, काय गोडी आहे सासू-सुनेची.

सहाची गाडी मिळाली. बसमध्ये यांचा परत फोन आला. मी घाबरत आत्याबाईंच्या कानाला लावला. त्यांनी लेकाला सगळं सांगितलं: तळं केवढं, मासे केवढे, किल्ल्याच्या भिंती कशा, सूनबाईनं शिरा केलता, नवं लुगडं घेतलं. लई भारी हाय सोलापूर, म्हणाल्या. बाकीचं एक अक्षर नाही. पोलीसबाईंचा दोन दिवसांनी फोन आला तेव्हाही आत्याबाईंनी तेच सांगितलं.

यांना मी नंतर स्वतःच सगळं सांगितलं. हे ऐकून घेऊन उठून बाहेर गेले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मला चाललं. ती शिक्षा मला समजत होती.

या गोष्टीला आता दोन वर्षं होत आली. शेजारणी म्हणतात, तुझ्या सासूत लई फरक पडला बाई, सोलापूरच्या देवानं बुद्धी दिली. कारण आत्याबाई आता भांडत नाहीत. मी ओरडले तर ऐकून घेतात. मी उठायच्या आधी अंगण झाडून झालेलं असतं. गुडघा धरला तरी सांगत नाहीत, भिंतीला धरून चालतात, आणि मी दिसले की भिंतीवरचा हात काढतात. मी किती वेळा समजावलं, बसा, आराम करा, हे घर तुमचं आहे. त्या व्हय म्हणतात आणि काहीतरी निवडायला घेतात.

परवा मी मुद्दाम त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. पूर्वी असा दिला असता तर कप अंगणात गेला असता आणि माझ्या माहेरच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. मी चुलीपाशी उभी राहून वाट बघत होते, बोलतील, आता बोलतील. त्यांनी सगळा चहा पिऊन टाकला, कप विसळून पालथा घातला, आणि माझ्याकडं बघून विचारलं, “आनी काय काम हाय का गं?”